सासूबाईंना शिकवलेलं नर्सिंग

मी ढ नाही. हे आधीच सांगून मोकळी होते, कारण माझी बी.एस्सी. नर्सिंगची मार्कशीट बघितली की भल्याभल्यांना तसंच वाटतं. पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्रात नापास. दुसऱ्यांदा बसले तेव्हा काठावर पास. पुढची वर्षंही अशीच, कुठं खरचटत, कुठं धडपडत. एम.एस्सी.ला अर्ज करायचा तर एकूण पंचावन्न टक्के लागतात. माझे तेवढे होते, पण कसे? खचाखच भरलेल्या एसटीच्या पायरीवर एक पाय टेकवायला जागा मिळावी तसे. चढले म्हणायचं, इतकंच.

माझं माहेर कारंजा घाडगेचं. हायवेला लागून बाबांचं ट्रकांच्या ताडपत्र्यांचं आणि दोरखंडांचं दुकान. शाळा मराठी. बारावीपर्यंत मी वर्गातल्या हुशार पोरींत मोडायचे, खोटं कशाला बोलू. मग नर्सिंग कॉलेजात आले आणि पहिल्याच तासाला सगळं इंग्रजी. मॅडम काय बोलतात ते कळेपर्यंत फळा पुसलेला असायचा. मग मी केलं ते सगळ्याच पोरी करायच्या: पाठांतर. व्याख्या पाठ, लक्षणं पाठ, उपचार पाठ. मंत्र म्हटल्यासारखं धाडधाड म्हणायचं, आणि मधला एक शब्द निसटला की पुढचं सगळं बंद. परीक्षेत असा एक तरी शब्द निसटायचाच.

वॉर्डात मात्र माझं कधी अडलं नाही. पास झाल्यावर वर्ध्याच्या एका दवाखान्यात लागले, तिथं ज्या पेशंटची नस कुणाला सापडत नसे त्याच्याकडं मला पिटाळायचे. पण माझं मन रमायचं ते शिकाऊ पोरींत. त्या आमच्या वॉर्डात ड्युटीला यायच्या, वहीला छातीशी धरून भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या. एकदा एक पोरगी चादरींच्या कपाटाआड रडताना सापडली. दुसऱ्या दिवशी तिची तोंडी परीक्षा होती आणि तिला काही म्हणता काही कळलं नव्हतं. मी तिला पेशंटच्या खाटेपाशी नेलं आणि जे विचारणार होते ते त्याच्याच अंगावर दाखवून समजावलं. डोळे पुसत ती म्हणाली, "सिस्टर, तुम्ही आमच्या मॅडम का नाही हो?"

तिला काय, ती बोलून गेली. माझ्या मात्र डोक्यात ते घर करून बसलं. मॅडम व्हायचं तर एम.एस्सी. पाहिजे, आणि एम.एस्सी.च्या दारात माझी ती मार्कशीट आडवी. पण मला शिकवायचं होतं. इतकं मनापासून मला आयुष्यात दुसरं काही हवं झालेलं आठवत नाही.

पहिल्या खेपेला एका कॉलेजात मुलाखतीला गेले. समोरच्या सरांनी मार्कशीट उलटीपालटी केली आणि म्हणाले, "मॅडम, ये मार्क्स देखे आपने?"

माझी जीभ म्हणजे सुटलेलं वासरू. म्हटलं, "देखे सर. मेरेही हैं."

बाकीचे हसले, ते हसले नाहीत. त्यांनी हार्ट फेल्युअर विचारलं, म्हणजे हृदय कमजोर झालेल्या पेशंटची काय काळजी घ्यायची ते. असे किती पेशंट मी सांभाळले होते! पण तोंड उघडलं आणि तीच जुनी पाठ केलेली व्याख्या बाहेर आली, आणि अर्ध्यावर अडकली. सरांनी फाईल माझ्याकडं सरकवली. "पहले बेसिक पक्का कीजिए." मी "थँक यू सर" म्हणून बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले.

घरी आले तेव्हा वैशाखातली दुपार होती. आमचं घर वर्ध्याला लागूनच, बोरगाव मेघेला. घरात मी, नवरा आणि सासूबाई. नवरा एसटीत कंडक्टर आहे; दिवसभर गाडीत ओरडून ओरडून शब्द संपतात म्हणतो, म्हणून घरी एकही खर्च करत नाही. सासरे आमच्या लग्नाआधीच गेले. सासूबाई समोरच्या खोलीत कूलरपुढं पाय पसरून वाती वळत बसल्या होत्या. गल्लीतल्या अर्ध्या देवघरांत त्यांच्याच वाती जळतात.

"काय झालं वं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"काई नाई."

"काई नाई तं तोंड काऊन असं करून आली?"

मी पर्स फेकली आणि सांगून टाकलं. मले घेतलं नाई, घेणारही नाईत, मार्कच तसे हायेत.

"का विचारलं त्यायनं?"

"हार्ट फेल्युअर."

"म्हंजे?"

"जाऊ द्या आई. तुमाले नाई समजाचं."

वात वळणारा हात थांबला. "नाई समजत तं समजाव नं! मी काय कुठी पयून चालली?"

आता ह्यांना काय सांगावं कपाळ, असं मनात आलं. पण सासूबाईंनी एकदा विचारलं की उत्तर मिळेपर्यंत त्या हलत नाहीत, हे मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. समोर कूलर घरघरत होता. मी त्याच्याकडंच बोट दाखवलं.

"पाहा आई. ह्या कूलरात पंप असते नं? तो खालचं पानी वर फेकते, खस ओली होते, मंग थंडा वारा येते."

"ते माहीत हाय. समोर सांग."

"आता पंप थकला. मंग?"

"मंग खस सुकली राहीन. गरम वारा फेकन."

"अन् पानी?"

"पानी खालीच पडून राहीन, टाकीत."

"अन् तरी आपन वरून बादली ओततच राह्यलो तं?"

"माय वो! घरभर पानी होईन."

"तसंच हाय. हृदय म्हंजे पंप. पंप थकला की रक्त वर जात नाई, मानसाले थकवा येते. अन् पानी मांगं साचते. पायात साचते, पाय सुजते. छातीत साचते, दम लागते."

सासूबाईंनी कूलरकडं पाहिलं, मग आपल्या पायांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मंग बादली कमी ओताची."

"हाव. म्हणून तं पानी मोजून द्यायचं."

"अन् मीठ काऊन बंद करते डाक्टर?"

"पावसाळ्यात मिठाच्या बरणीले पानी सुटते नं? मीठ पानी धरून ठेवते. अंगातही धरते."

"असं व्हय!" त्यांचा चेहरा असा फुलला की मला हसूच आलं. मघाशी जिन्यात रडत होते ती मी, आणि आता कूलरपुढं बसून हसत होते. हृदयाच्या पेशंटची काळजी मी अर्ध्या तासात पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून टाकली, एकही शब्द निसटला नाही. निसटणार कसा? पाठ केलेलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळपाळी करून घरी आले तर सासूबाई माझी वाट बघत. ताक पुढं ठेवलं आणि म्हणाल्या, "आज का शिकवशीन?"

असं सुरू झालं ते. ड्युटी संपली की दुपारी आमची शाळा. त्यांच्या पुढ्यात कापूस, माझ्या पुढ्यात जाडजूड पुस्तक. मी आधी वाचायचे, मग त्यांना आपल्या भाषेत सांगायचे, आणि त्यांना पटलं की तेच साध्या इंग्रजीत लिहून काढायचे. मोठमोठ्या वाक्यांच्या नादी लागले नाही. आता मला काय म्हणायचंय हे माहीत होतं, त्यामुळं इंग्रजी आपसूक मागं यायला लागलं. इतकी वर्षं मी उलटं करत होते, हे कळलं तेव्हा आनंदही झाला आणि स्वतःचा राग पण आला.

विद्यार्थिनी मात्र अशी की भल्या मॅडमचा घाम काढावा. किडनी म्हणजे चहाची गाळणी, असं मी सांगितलं तर म्हणाल्या, "मंग गाळणीतला चहापत्तीचा चोथा कुठी जाते?" रक्त लाल, तर हाताची नस निळी काऊन दिसते, असं एकदा विचारलं, ते मला मेलीला सांगता आलं नाही, शोधावं लागलं. मधेच पेंगायच्या. पेंगल्या म्हणून मी थांबले की डोळे मिटल्या मिटल्या म्हणायच्या, "सांग नं, मी ऐकून राह्यली." आणि दुसऱ्या दिवशी झोपेत ऐकलेलंही बरोबर सांगायच्या. आधी मला वाटायचं, माझं मन राखायला विचारतात. मग एकदा मी दमून आले आणि म्हटलं आज नको, तर त्यांचं तोंड एवढंसं झालं. सातवीत घरच्यांनी त्यांना शाळेतून काढलं होतं हे मला ठाऊक होतं, पण तोपर्यंत ती मला नुसती एक माहिती होती.

शिकलं की सांगावंसं वाटणारच. संध्याकाळी ओट्यावर बायका जमल्या की सासूबाई पदर सावरून म्हणायच्या, "आज आमचं किडनीचं झालं." मग कुणाला मीठ कमी कर, कुणाला पाय वर घेऊन बस, असं चालायचं. मी हसून सोडून देत होते. तेच नडलं.

शेजारची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचे पाय सुजलेले दिसले आणि सासूबाईंनी तिला पाणी कमी प्यायला सांगितलं, मीठ तोडायला सांगितलं. मला फाटकात हे कळलं आणि माझं डोकंच फिरलं. तिथंच, चार बायकांसमोर, मी ओरडले, "आई, तुमी डाक्टर झाल्या का? पोटुशी पोरगी हाय ते! एवढ्या उन्हात तिचं पानी तोडता? अन् तिच्या पायाची सूज अलग राहते, तिचं बीपी पाह्यलं पाहिजे!" त्या पोरीला तशीच घेऊन दवाखान्यात गेले. बीपी ठीक होतं, बाळ ठीक होतं. भरपूर पाणी पी म्हणून सांगितलं, घरी आणून सोडलं.

सासूबाई रुसल्या. त्यांचा रुसवा म्हणजे आदळआपट नाही. नुसतं बोलणं बंद. कापसाची टोपली घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. माझ्याशी बोलायचं तर मुलामार्फत. "तिले सांग, जेवन झालं." मी शेजारी उभी! नवरा बिचारा एकदा माझ्याकडं बघे, एकदा आईकडं. शेवटी वैतागून म्हणाला, "घरातबी मीच का बेल वाजवू तुमची?" आम्ही दोघी हसू दाबत राहिलो, पण बोललं कुणीच नाही.

खरं सांगायचं तर मला त्या दुपारी फार जड गेल्या. दुसऱ्या एका कॉलेजात अर्ज केला होता, त्याची प्रवेश परीक्षा तोंडावर आलेली आणि पुस्तक उघडलं की अक्षरं पुन्हा परकी. कुणाला सांगू? भिंतीला सांगून बघितलं. भिंत विचारत नाही, "असं काऊन?"

मग एका दुपारी त्या टोपली घेऊन आपणहून येऊन बसल्या. बराच वेळ वाती वळत राहिल्या.

"त्या दिवशी म्या त्या पोरीले सांगतलं ते चुकलंच," त्या म्हणाल्या. "पन काऊन सांगतलं माहीत हाय? यायचेबी पाय असेच सुजत होते."

'यायचे' म्हणजे सासऱ्यांचे. मी पुस्तक मिटलं.

"दम लागे त्यायले. निजले की उठून बसत. आमाले वाटे, मानूस आजारी हाय, त्यानं निजाव. म्या अन् माह्या दिरानं धरून धरून निजवलं त्यायले. खांदे दाबून. ते हात झटकत अन् आमी अजून दाबत." त्यांचे हात थांबले होते. "तू सांगत होती नं, अशा पेशंटले उशा लावून बसवाव म्हून? ते ऐकल्यापासून माह्या डोक्यात तेच सुरू हाय."

मला आठवलं, ते मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. उशा लावून टेकवून बसवायचं, आडवं नाही करायचं. मी सांगून पुढं गेले आणि ह्या मात्र तिथंच थांबल्या होत्या, इतके दिवस, वाती वळत.

"आई, तुमचं काई चुकलं नाई. कोनी सांगतलंच नवतं तुमाले."

"चुकलं का नाई ते जाऊ दे. तू एक सांग. बसवलं असतं तं बरं वाटलं असतं का त्यायले?"

वॉर्डात नातेवाईक असे प्रश्न विचारतात तेव्हा आम्ही गोल उत्तरं देतो. तोंडावर तेच आलं होतं. पण त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या आणि इतके दिवस मी त्यांना कधी खोटं शिकवलं नव्हतं.

"हाव आई. बरं वाटलं असतं."

"वाचले असते?"

"ते नाई सांगता येत."

त्यांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलं नाही. मी उठून त्यांच्याजवळ बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. कापसाचे धागे चिकटलेला, कोरडा, हलका हात. मग त्याच म्हणाल्या, "सांग आता समोरचं. परीक्षा हाय नं तुही?"

प्रवेश परीक्षा बरी गेली. बरी म्हणजे माझ्या मार्कशीटकडं बघून कुणी अपेक्षा केली नसती इतकी बरी. पण प्रवेश द्यायचा की नाही ते मुलाखतीवर होतं, आणि तिथं परीक्षेसोबत जुनी मार्कशीटही बघणार होते. कॉलेज वर्ध्याच्याच कडेला. मी मनाशी ठरवलं होतं, आता नाही झालं तर पुन्हा नाही. दरवेळी आशा करून तोंडावर आपटायचं, माणसाला किती जमणार?

निघताना सासूबाईंनी हातावर दही ठेवलं. "घाबरजो नोको. त्यायले समजाव."

सावंगीच्या चौकात, मेडिकल कॉलेजपाशी, ऑटो थांबला, पांढऱ्या ॲप्रनमधली पोरं-पोरी घोळक्यानं रस्ता ओलांडत होती. कसली बेफिकीर चाल त्यांची!

आत तिघं बसले होते. मधे एक सर, एका बाजूला एक तरुण मॅडम, दुसऱ्या बाजूला पिकल्या केसांच्या, केरळच्या एक मॅडम. आमच्या भागात नर्सिंग शिकवणाऱ्या कितीतरी मॅडम केरळच्या. इथंच आयुष्य काढलेल्या, आणि मराठी शिकल्या ती वॉर्डातल्या पेशंटांकडून. सरांनी मार्कशीट बघितली. भुवया वर गेल्याच.

"फर्स्ट इयर फेल?"

"यस सर." ह्या वेळी जिभेला आवर घातला.

केरळच्या मॅडमनी प्रश्न विचारला, आणि काय योग बघा, तोच. हार्ट फेल्युअरच्या पेशंटची काळजी. मी इंग्रजीत सुरुवात केली. पहिलं वाक्य आलं, दुसरं अर्धं आलं, आणि समोर मला जुने सर दिसायला लागले, फाईल सरकवणारा हात दिसायला लागला. झालं, मी मनात म्हटलं, आटोपलं सगळं.

"मराठीत सांगा ना," मॅडम म्हणाल्या.

मी डोळे मिटले आणि तोंडातून निघालं, "पाहा आई, कूलरात पंप असते नं—"

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. परीक्षक बाईंना मी आई म्हटलं होतं, तेही कूलर सुरू करून! तरुण मॅडमनी ओठ आवळले. सर म्हणाले, "काय म्हणालात?"

"सॉरी सर. सॉरी मॅडम. ते... घरी सासूबाईंना समजावून सांगते ना, म्हणून सवय..."

केरळच्या मॅडम माझ्याकडं रोखून बघत होत्या. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, मागं टेकल्या, आणि त्यांच्या त्या गोल गोल हेलात म्हणाल्या, "तू बोल नं. मी ऐकून राह्यली."

खरंच सांगते, मला तिथं रडू फुटायचं बाकी होतं. मी बोलले. पंप सांगितला, टाकी सांगितली, बादली सांगितली, मिठाची बरणी सांगितली. मग मॅडमनी मधे मधे इंग्रजीत विचारायला सुरुवात केली. पेशंटचं वजन रोज का करायचं? लघवी वाढवणारी गोळी दिली की रक्तात काय तपासायचं? आणि कसं कोण जाणे, माझं उत्तरही इंग्रजीत यायला लागलं. साधं, छोट्या वाक्यांचं, पण माझं. पोझिशन विचारली. उशा लावून टेकवून बसवायचं, मी म्हणाले, आणि आवाज थोडा हलला. का हलला ते सांगितलं नाही. ते माझं नव्हतं, सासूबाईंचं होतं.

"मग हे सगळं येत होतं तर मार्क्स का नाहीत?" सरांनी विचारलं. टोचून नाही, खरंच विचारलं.

"सर, तेव्हा येत नव्हतं," मी म्हणाले. "तेव्हा पाठ होतं. कुणाला तरी सांगायला लागले तेव्हा आलं."

पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. मी सासूबाईंना सांगितलं, त्या "बरं" म्हणाल्या आणि त्या दिवशी पुऱ्या तळल्या. ड्युटी, घर, दुपार, सगळं होतं तसंच सुरू झालं. विशेष म्हणजे आमची शाळा बंद पडली नाही. आता कशाला शिकायचं, असं दोघींपैकी कुणीही म्हटलं नाही. त्या दिवसांत फुप्फुस झालं.

मग एका दुपारी फोन आला. एका मुलीनं दुसरीकडं प्रवेश घेतला होता, जागा रिकामी झाली होती, संध्याकाळच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन या. मी फोन ठेवला. नंतर जे ओरडले ते शेजारी दोन घरांपलीकडं ऐकू गेलं म्हणतात. नवरा नुकताच ड्युटीवरून आला होता. त्यानं नुसते बूट पुन्हा घातले आणि गाडी काढायला बाहेर गेला. घाईघाईत माझ्या हातून कागदांची पिशवी दोनदा पडली.

मी सासूबाईंच्या पाया पडले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, बोटं मोडून दृष्ट काढली. "मास्तरीण झाली वं माही सून," म्हणाल्या, आणि हसल्या. मी चपला घातल्या, तोवर त्यांनी पुन्हा खाली बसून कापूस पुढ्यात ओढला.

"आता दुपारची घरी नाई राहशीन नं तू?"

"नाई आई. दिवसभर कॉलेज राहीन."

"हाव, बरोबर हाय." त्यांनी एक वात वळली. ती सैल झाली, उकलली, पुन्हा वळायला घेतली. "जा तू. थो गाडी सुरू करून उभा हाय. मी आपलं असंच म्हनलं." आणि थोडं थांबून, माझ्याकडं न बघता, "हृदय झालं, किडनी झाली, फुप्फुस झालं. पोट तेवढं राह्यलं आपलं."

बाहेरून हॉर्न वाजला. मी दारातून ओरडून सांगितलं, "अवो, गाडी बंद करा, आली मी थोड्या टाइमानं!" चपला काढल्या, त्यांच्यासमोर मांडी घालून बसले, आणि घास तोंडात गेल्यापासून सांगायला सुरुवात केली.